परत आलेला डबा

आमच्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत. शेजारणीकडून वाटीभर आमटी आली तर तिची वाटी घासूनपुसून, त्यात काहीतरी घालूनच माघारी जाते. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर. लहानपणापासून हे बघत आले, करत आले, आणि तरी गावातल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांना जेवणाचे डबे पोचवायचं काम हातात घेतल्यावर नेमकं हेच मला दिसेनासं झालं. दीड वर्ष गेलं त्यात.

गाव शिरोळ तालुक्यातलं. कृष्णा आणि पंचगंगा नृसिंहवाडीला एकत्र येतात, त्याच्या थोडं अलीकडे. काळी रानं, बारमाही पाणी, नजर जाईल तिथवर ऊस. ऑगस्ट 2019 मध्ये या दोन्ही नद्या एकमेकींना भेटायला आमच्या गावातूनच गेल्या. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्या साली पातळी 55 फुटांच्या पुढं गेली. खालच्या गल्लीतली घरं पत्र्यापर्यंत बुडाली आणि आम्ही सगळे, माणसं नि जनावरं, माळावरच्या एका शाळेत जाऊन राहिलो.

पहिली संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. तांदूळ होता. कुणीतरी तुरीच्या डाळीचं पोतं डोक्यावर धरून आणलं होतं. शाळेमागच्या गोठ्यात वाळली लाकडं मिळाली. काडेपेटी मात्र नव्हती. म्हणजे होत्या सात-आठ, पण सगळ्या सर्दावलेल्या. तासभर आम्ही बायका काड्या पदराला पुसत, एकेक वाया घालवत बसलो आणि पोरं भातासाठी रडत होती. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं बॅटरीवर ठिणगी पाडून डिझेलची चिंधी पेटवली, तेव्हा चूल लागली. अन्न म्हटलं की आपल्याला धान्य आठवतं. धान्य आणि घास यांच्यामध्ये किती गोष्टी असतात, हे मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून माळाकडच्या गावांतून भाकरी यायला लागल्या. घरटी पाच, घरटी दहा अशा गोळा केलेल्या, कुणाची जाड, कुणाची पातळ, धडप्यात बांधून मध्ये शेंगदाण्याची चटणी नाहीतर ठेचा. वीज नाही म्हणून गिरण्या बंद, तेव्हा एका ठिकाणी डिझेल इंजिनावर दळण चाललं होतं असं भाकरी घेऊन येणारा पोरगा सांगत होता. त्या बायकांची तोंडं आम्ही कधी बघितली नाहीत. त्यांचं ऋण माझ्यावर आहे, आणि हे डब्यांचं काम त्या ऋणातूनच सुरू झालं असं मी मानते.

पाणी ओसरलं. चिखल काढायला आम्ही बचत गटाच्या बायका खालच्या गल्लीत घरोघरी फिरलो. चिखलाचं मला काही वाटलं नाही, तो 2005 ला पण काढला होता. या वेळी मी दुसरंच काही बघत होते. एकटी राहणारी म्हातारी माणसं दुपारी काय खातात? बोळातली आज्जी चहात बेकरीचं बटर बुडवून खात होती. वरच्या अंगाला राहणारे आबा सकाळचा भात तसाच रात्री. पुरामुळं असेल म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "न्हाई गं, आमचं रोजचंच हाय हे." पूर यायच्या आधीही असंच चाललं होतं, मीच आत कधी डोकावले नव्हते. पोरं पुण्याला, इचलकरंजीला, कुणाची लेक सासरी, कुणाला मागं कुणीच नाही.

घरात धान्य नव्हतं असं नाही. अंत्योदयच्या रेशनकार्डावर महिन्याला 35 किलो मिळतं, एकट्या माणसाला ते पुरून उरतं. अर्थात अंगठा लागला तर. आयुष्यभर खुरपं धरलेल्या हातांच्या रेघा झिजलेल्या असतात, मशीन ओळखत नाही आणि म्हातारं माणूस दुकानाच्या पायरीवर हात पुसत बसतं. पण धान्य मिळालं तरी एकट्यासाठी चूल कोण पेटवतं? एक मूठ तांदळासाठी पातेलं घासा, एका भाकरीसाठी पीठ मळा, आणि समोर जेवायला कुणी नाही. भूक नसते असं नाही, करून खायची उमेद नसते.

त्या साली दिवाळी झाल्यावर आम्ही अकरा डब्यांनी सुरुवात केली. तालमीमागची खोली मोकळी होती, वस्तादांनी किल्ली दिली. पोचवायला तालमीतलीच पोरं. एक वेळचं दुपारचं जेवण, रविवार सोडून. आता बेचाळीस डबे जातात आणि रविवारही सोडत नाही, कारण रविवारी भूक सुट्टीवर जात नाही हे बोळातल्या आज्जीनंच मला सुनावलं.

सुरुवातीला आम्ही खिचडी करायचो. सोपी, मऊ, दातांना त्रास नाही, एका पातेल्यात होते. पाचव्या दिवशी वरच्या अंगाच्या आबांचा डबा तसाच परत आला. मी स्वतः गेले. ते म्हणाले, "रोज खिचडी? मी आजारी हाय का अजून पुरात हाय?" मला उत्तर सुचलं नाही. पुरात आम्ही जे केलं होतं ते वाटप होतं. रांग लावायची, पळीभर घालायचं, पुढचा. त्यात काही चुकीचं नव्हतं, साडेतीनशे तोंडं होती. पण तेच मी आता अकरा घरांत करत होते. वाढणाऱ्या बाईला समोरचं ताट दिसत असतं: याला भात आवडतो, हिला कोरड्यास पातळ लागतं, ह्यानं भाकरी लोटून ठेवली म्हणजे दाढ दुखतेय. मी ताटंच बघितली नव्हती.

मग वही केली. प्रत्येकाचं एक पान. साखर कुणाला, रक्तदाब कुणाला, दात कुणाचे शाबूत, कोण एकादशी धरतं, कुणाला वांगं चालत नाही. ज्यांना भाकरी चावत नाही त्यांच्यासाठी ती गरम असतानाच कुस्करून, वरून आमटी घालून, झाकण लावून पाठवायची. घरी पोचेपर्यंत ती भिजून मऊ होते. गार भाकरी कुस्करली तर तिचे खडे राहतात, ही गोष्ट पहिला आठवडा आम्हाला कळली नाही. मीठ बेताचं घालायचं आणि लागेल त्याला पुडीत वेगळं. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा हुलग्याचं माडगं. आणि चटणी. डॉक्टर सांगतात तिखट कमी करा, ते खरंच आहे, पण आमच्याकडच्या माणसाला कांदा-लसूण चटणीचा वासही नसलेलं जेवण म्हणजे दवाखान्यातलं जेवण. आम्ही नखाएवढी घालतो. आबा तेवढीच भाकरीला लावून शेवटच्या घासापर्यंत पुरवतात.

बेचाळीस डब्यांना साधारण तीन किलो तांदूळ, सव्वा किलो डाळ आणि तीन किलोभर ज्वारीचं पीठ लागतं. यातली ज्वारी आम्हाला सगळ्यात जड गेली. गावात पाणी आहे, जमीन सोन्यासारखी आहे, आणि गावात ज्वारी नाही. सगळा ऊस. माझ्या सासूबाईंच्या काळात घराघरांत शाळूच्या पोत्यांची थप्पी असायची. आता आम्ही मंगळवेढ्याकडचा शाळू बाजारातून विकत आणतो. तो उत्तमच असतो, त्याला भौगोलिक मानांकन आहे, पण तिकडं पाण्याला महाग असलेल्या कोरडवाहू रानातनं आलेली भाकरी आम्ही बागायतदारांनी विकत घेऊन खायची, हे मला खुपतं. उसाला दर ठरलेला, कारखाना ठरलेला, तोडणीला टोळी येते. ज्वारीला राखण लागते, पाखरं येतात, काढणीला माणूस मिळत नाही. शेतकऱ्याला दोष देता येत नाही, आमच्या घरचंही सगळं रान उसाखालीच होतं.

तरी मी विचारत राहिले. पूर येऊन गेलेल्या नदीकाठच्या पट्टीत मळी साचते, तिथं लावणीचा ऊस कुजला होता आणि रान रिकामं होतं. एकानं अर्धा एकर शाळू टाकला. दुसऱ्यानं उसाच्या सरीत हरभरा. तिसऱ्यानं वांगी लावली. कृष्णाकाठची वांगी खाल्लेल्या माणसाला त्यांच्याबद्दल काही सांगावं लागत नाही. सुगीला प्रत्येकानं एक-दोन पायल्या तालमीत आणून ओतल्या. पुरायला ते कधीच पुरलं नाही, निम्मं अजून विकतच घेतो. पण शाळूचं पहिलं माप पडलं त्या दिवशी खालच्या गल्लीतल्या चार आज्ज्या काठी टेकत आल्या आणि दाणे तळहातावर घेऊन बघत बसल्या. एकीनं चार दाणे तोंडात टाकले. मला काम थांबवून त्यांच्याकडेच बघत राहावंसं वाटलं.

आता माझ्या चुकीबद्दल.

डबे सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी बोळातल्या आज्जीच्या डब्यातून चार हिरव्या मिरच्या आल्या. मग दुसरीकडून कढीपत्त्याची डहाळी. लिंबू. मूठभर हुलगे, फडक्याच्या गाठीत. एका आजोबांकडून जास्वंदीचं फूल, तालमीतल्या मारुतीला. गुऱ्हाळं सुरू झाल्यावर एकदा गुळाचा खडा. मला ते बघून अपराधी वाटायचं. ज्यांच्याकडे नाही त्यांच्याकडूनच आपण घेतोय, उद्या कुणी म्हणेल डब्याच्या बदल्यात वस्तू घेतात. म्हणून महिन्याभरातच मी पोरांना सांगितलं, डबा रिकामाच आणायचा, काही घातलं असेल तर तिथंच काढून परत द्यायचं. मला वाटलं मी फार चांगलं केलं. कुणावर ओझं नको.

पंधरा दिवसांत तीन डबे बंद झाले. एकानं सांगितलं पोटाला सोसत नाही. एकीनं सांगितलं पुतण्या येणार आहे. बोळातल्या आज्जीनं काहीच सांगितलं नाही, पोरगा डबा घेऊन गेला तर दार उघडलं नाही. मी तेल कमी केलं, डाळ बदलली, एका बाईच्या हाताला चव नाही असंही मनात येऊन गेलं, आणि तिच्याशी त्या दिवसांत मी तुटक वागले याची लाज अजून वाटते. मग मार्च 2020 आला, टाळेबंदी. डबे कट्ट्यावर ठेवून सहा पावलं मागं उभं राहायचं, अशा दिवसांत कुणाच्या घरात बसून बोलणं होणार नव्हतं. बंद झालेले डबे बंदच राहिले.

पुढच्या वर्षी एकदा मी आज्जीकडे गेले, डब्यासाठी नाही, तिची शेळी व्याली होती म्हणून. तिनं चहा ठेवला. बशीत ओतून दिला. मी विचारलं, "आज्जी, जेवण आवडत नव्हतं काय?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "जेवान चांगलंच हुतं. पन माज्या मिरच्या तुज्या पोरानं उंबऱ्यावर काढून ठिवल्या आनि गेला. माज्या मिरच्यांस्नी इटाळ झालता व्हय गं?"

बशीतला चहा गार होईपर्यंत मी तशीच बसले. तिच्या परसात एक मिरचीचं झाड होतं, तेवढंच होतं. त्यातल्या चार मिरच्या तिनं दिल्या तेव्हा ती माझी शेजारीण होती; मी त्या परत केल्या तेव्हा तिला लाभार्थी केलं. हा शब्द सरकारी कागदांत मी शेकडो वेळा वाचलाय आणि लिहिलाय, त्याची धार कधी लागली नव्हती. घेणं सोसावं म्हणून माणसाला काहीतरी द्यावं लागतं, आणि ते मी नियम करून काढून घेतलं होतं. माझ्या चांगुलपणानं तिचा घास बंद झाला. दीड वर्ष ती पुन्हा चहा-बटर खात होती.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना गोळा केलं, चूक माझी होती हे सांगितलं. आता वहीत प्रत्येकाच्या पानावर एक रकाना आहे: परत काय आलं. जे येतं ते त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी पातेल्यात पडतं, आणि ज्याचं असेल त्याला पोरगा सांगतो, आज आमटीत तुमचा कढीपत्ता हाय. ज्यांच्याकडे द्यायला वस्तू नाही ते लसूण सोलून देतात, तांदूळ निवडून देतात. हात थरथरणारे एक तात्या आहेत, ते काही करू शकत नाहीत. ते पोराला रोज कुस्तीचा एक डाव तोंडी सांगतात. तोही रकान्यात लिहिला जातो.

विटाळाचा शब्द निघालाच आहे तर दुसरंही सांगते. आमच्या तालमीत शाहू महाराजांची तसबीर आहे, सगळ्याच तालमींत असते. गंगाराम कांबळे महाराजांच्याच पदरी चाकरीला होते, पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली, आणि महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल घालायला मदत केली. स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घ्यायचे, बरोबरच्यांनाही घ्यायला लावायचे. ही गोष्ट कोल्हापुरात पोराटोरांना माहीत असते, भाषणांत हमखास येते. आणि त्याच तसबिरीखाली थापलेल्या भाकरीबद्दल एका घरातून मला निरोप आला, भाकरी कोण करतं ते कळेल का. मी सांगितलं, आमच्या सैपाकघरातल्या बायका करतात. पुन्हा निरोप आला, नाव सांगा. मी नाव सांगितलं नाही आणि बाईही बदलली नाही. त्या घरी म्हातारा-म्हातारी दोघंच असतात. डबा तेव्हा बंद झाला, अजून बंद आहे. दर सणाला मी जाऊन विचारते. ते बसा म्हणतात, चहा देतात, डब्याचं नाव काढत नाहीत. दोन माणसं अर्धपोटी राहतात हे मला कळतं, आणि दुसरं काही करायची माझी तयारी नाही. या दोन्ही गोष्टी घेऊन मी घरी येते.

भाकरी थापणाऱ्या बायका तीन. पहिली दोन वर्षं त्यांना आम्ही काही दिलं नाही. सेवा म्हणायचो. एक दिवस त्यांतली एक हात धुता धुता म्हणाली, "आक्का, शेंगा काढायला गेले असते तर आज माज्या घरात तेल आलं असतं." रागानं नाही, हिशोब सांगावा तशी. तिचा हिशोब बरोबर होता. सेवा करायची तर आधी घरात चूल पेटलेली असावी लागते. आता अर्ध्या दिवसाच्या कामाला शेतमजुरीच्या निम्मे देतो, गटाच्या फंडातून आणि गावानं घातलेल्या वर्गणीतून, आणि वर्गणी मागताना मी पहिल्यांदा मजुरीसाठीच मागते. डाळ-तांदळाला लोक आनंदानं देतात. मजुरी म्हटलं की विचारात पडतात. मला तिथंच जास्त वेळ बसावं लागतं.

जुलै 2021 मध्ये पुन्हा पाणी आलं. त्या वेळी अडतीस डबे होते, म्हणजे वहीत अडतीस पानं. कोण चालू शकत नाही, कोणाला ऐकू येत नाही म्हणून दार वाजवून उपयोग नाही, मागची कडी कुठली, इन्सुलिन कोणाचं, सगळं लिहिलेलं. डबे पोचवणाऱ्या पोरांना ते वाचायचीही गरज पडली नाही. एका रात्रीत त्यांनी अडतीसही माणसं माळावर नेली, पाणी गल्लीत शिरायच्या आत. तात्यांना पाठीवर घेतलं. बोळातली आज्जी शेळीशिवाय येणार नाही म्हणाली, तर शेळीही नेली. डबा बंद असलेल्या त्या घरीही पोरं न सांगता गेली, आणि ते दोघं आले.

यंदाही जुलै संपता संपता राधानगरी धरणाचे दरवाजे आपोआप उघडल्याची बातमी आली. बंधाऱ्यावर 39 फूट झाले. आम्ही मोठी पातेली, पराती, काथवट, सिलेंडर ट्रॉलीत भरायला काढली. पाऊस थांबत नव्हता आणि मी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधली होती. त्या दिवशीचे डबे मात्र वेळेवर गेले, आणि दुपारी तीनच्या सुमाराला पोरं रिकामे डबे घेऊन भिजत आली. मी एकेक उघडून लिहून घेत होते. दोन लिंबं. सोललेला लसूण. काही नाही. शेवग्याचा पाला.

बोळातल्या आज्जीचा डबा हलका लागला. झाकण काढलं तर आत दुधाच्या पिशवीचं पुडकं, वरून रबर, त्याच्या आत आणखी एक पिशवी. त्यात काडेपेटी. नवी, कोरडी, भरलेली.

मी तिच्या पानावर लिहिलं, काडेपेटी 1, आणि ती पिशवीसकट वहीजवळ ठेवली.